‘पीएनजी आहे, काही बदलत नाही’ या निरोपाला उत्तर

डिझाइन आणि छपाईवाल्यांच्या ग्रुपांवर एक निरोप पुन्हा पुन्हा येतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण मजकूर साधारण असा: पीएनजी (पारदर्शकता ठेवणारा चित्राच्या फाइलचा प्रकार) लॉसलेस असतं, म्हणजे माहिती न गमावता साठवतं, म्हणून कमांड लाइनवरून (टाइप केलेल्या आज्ञांनी) कितीही वेळा लहान-मोठं करा, चित्र बिघडत नाही. पारदर्शक भाग रिकामा असतो, त्यात रंग नसतो. कडेला काळी रेघ आली तर टूलमध्ये बग आहे, दुसरं टूल घ्या. आकार निम्मा केला की फाइल पाव होते. प्रत्येक कमांडला स्ट्रिप, म्हणजे चित्रासोबतच्या जादा नोंदी काढून टाकणारा पर्याय, लावा, तोटा काही नाही. आणि शेवटी, इमेजमॅजिक या कमांड लाइनवरच्या चित्रांच्या टूलमधल्या मोग्रिफाय कमांडने अख्खा फोल्डर एका झटक्यात उरकून टाका.

सहा विधानं आहेत. त्यातलं एकही धड बरोबर नाही, आणि पूर्ण खोटंही नाही. म्हणूनच तो निरोप इतका फिरतो.

‘लॉसलेस आहे, म्हणून बिघडत नाही.’

लॉसलेस हा शब्द साठवणुकीबद्दल आहे. पीएनजी आतली माहिती झिपसारख्याच पद्धतीने दाबून ठेवतं आणि उघडल्यावर प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा परत देतं. पण रिसाइझ घडतं ते फाइल उघडल्यानंतर आणि पुन्हा लिहिण्याआधी. १२०० पिक्सेल रुंदीचा लोगो ३०० वर आणला की मुळातल्या सोळा पिक्सेलच्या जागी एक पिक्सेल बसतो. हा नवा पिक्सेल मुळात कुठेच नव्हता, तो हिशेब करून काढलेला असतो. हिशेब चुकला तर पीएनजी ती चूकसुद्धा इमानेइतबारे जपून ठेवतं. बरणीचं झाकण घट्ट आहे म्हणून आतलं लोणचं चांगलंच असेल असं नाही.

‘कितीही वेळा’ हे तर सोडूनच द्या. लहान केलेलं पुन्हा मोठं केलं की गेलेले तपशील परत येत नाहीत. दरवेळी मूळ फाइलपासून सुरुवात करायची.

‘पारदर्शक भाग रिकामा असतो.’

सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

पारदर्शक पीएनजीच्या एका पिक्सेलमध्ये चार आकडे (चार चॅनल) असतात: लाल, हिरवा, निळा आणि अल्फा, म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक आहे ते. अल्फा शून्य असला तर पिक्सेल दिसत नाही, पण आधीचे तीन आकडे तिथेच असतात. पीएनजीचं मानक १९९६ मध्ये ठरलं तेव्हाच रंग अल्फाने न गुणता, स्वतंत्र ठेवायचा असा निर्णय झाला. त्यामुळे न दिसणाऱ्या पिक्सेलच्या पोटात काळा असू शकतो, पांढरा असू शकतो, किंवा कुणीतरी इरेझरने पुसलेली जुनी पार्श्वभूमीसुद्धा असू शकते. काही प्रोग्रॅम पुसताना फक्त अल्फा शून्य करतात. खात्री करायची असेल तर इमेजमॅजिकमध्ये अल्फा ऑफ हा पर्याय लावून फाइल वेगळ्या नावाने लिहा आणि उघडून बघा. एका मंडळाच्या बोधचिन्हावर मी हे केलं तेव्हा आदल्या वर्षाच्या बॅनरचा अर्धा भाग आत निवांत पडलेला दिसला. (गोपनीय मजकूर इरेझरने पुसून फाइल पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

आता हिशेब करू. शेजारी दोन पिक्सेल आहेत. एक शुद्ध लाल आणि पूर्ण अपारदर्शक: २५५, ०, ०, अल्फा २५५. दुसरा पूर्ण पारदर्शक, पोटात काळा: ०, ०, ०, अल्फा ०. दोघांचा एक पिक्सेल करायचा आहे. टूलने चारही आकड्यांची सरळ सरासरी काढली तर उत्तर येतं १२८, ०, ०, अल्फा १२८. म्हणजे अर्धपारदर्शक, पण मरून. तो पांढऱ्या कागदावर ठेवला की साधारण १९१, १२८, १२८ दिसतो. यायला हवा होता २५५, १२८, १२८, म्हणजे स्वच्छ फिकट लाल. हा जो मळकटपणा मधे आला तीच ती काळी रेघ. पोटात काळ्याऐवजी पांढरा असता तर उलट झालं असतं: पांढऱ्या कागदावर कुणाला काही कळलं नसतं आणि गडद बॅनरवर अक्षरांभोवती पांढुरकी किनार उठून दिसली असती.

देवनागरी अक्षरलेखनात हे सगळ्यात आधी शिरोरेषेवर दिसतं. सहा पिक्सेल जाडीची शिरोरेषा पाव आकारात दीड पिक्सेलची होते, म्हणजे तिचा बराच भाग अर्धपारदर्शकच असतो. त्यात ती सलग आडवी, त्यामुळे मळकट किनार लांबलचक पट्टीसारखी दिसते.

योग्य पद्धत जुनी आहे. सरासरी काढण्याआधी प्रत्येक रंगाला त्याच्या अल्फाने गुणायचं, सरासरी काढायची, मग नव्या अल्फाने भागायचं. जो पिक्सेल दिसतच नाही त्याच्या रंगाला मत नाही, इतकंच. रंग आधीच गुणून ठेवण्याची ही रीत पोर्टर आणि डफ यांनी १९८४ मध्ये चित्रं एकमेकांवर बसवण्याच्या त्यांच्या निबंधात नीट मांडली.

‘काळी रेघ म्हणजे बग, टूल बदला.’

टूल बदलून कधीकधी काम होतं, पण कारण कळलं नाही तर पुढच्या टूलमध्ये तुम्ही पुन्हा तिथेच अडकता. कोण काय करतं ते बघा. इमेजमॅजिकचं रिसाइझ अल्फाचं वजन धरूनच हिशेब करतं. पायथॉन भाषेतलं पिलो हे चित्रांचं पॅकेज चार चॅनलच्या चित्राला आतल्या आत गुणून, लहान करून, पुन्हा भागून देतं. पण तेच चित्र पॅलेटवालं (पिक्सेलमध्ये रंगाऐवजी रंगांच्या यादीतला क्रमांक ठेवणारं) असेल तर तुम्ही कुठलाही फिल्टर (नवा पिक्सेल काढायचं गणित) मागा, पिलो जवळचा पिक्सेल उचलतं आणि कडा करवतीसारख्या होतात. आधी चार चॅनलमध्ये बदलून घेतलं की प्रश्न सुटतो. लिबविप्स या चित्रांच्या लायब्ररीत तर एकाच घरात दोन रीती: थंबनेल करणारी कमांड गुणाकार स्वतः करते, नुसती रिसाइझ करणारी करत नाही, आणि आधी गुणून घ्या असं तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. एफएफएमपेग या व्हिडिओच्या टूलचा स्केल फिल्टर प्रत्येक चॅनल सुटा मोजतो. त्याच्या आधी प्रीमल्टिप्लाय आणि नंतर अनप्रीमल्टिप्लाय हे दोन फिल्टर आपणच जोडायचे असतात. हे बग नाहीत. कुठे काम टूल करतं, कुठे ते तुमच्यावर सोडलेलं आहे.

आणि एक किनार अशी असते जिच्यावर कुठल्याच टूलकडे औषध नाही. लोगो मुळात पांढऱ्या कागदावर काढलेला, कडा गुळगुळीत करताना लालमध्ये पांढरा मिसळलेला, आणि मग जादूच्या कांडीने (मॅजिक वाँड टूलने) पांढरा भाग उडवलेला. इथे पांढरा रंग दिसणाऱ्या पिक्सेलमध्येच मुरलेला आहे. रिसाइझला त्याचा दोष देता येत नाही आणि रिसाइझ तो धुऊही शकत नाही. मूळ व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेली) फाइल मागणं हाच उपाय, आणि ती द्यायला लोक इतके का कुरकुरतात हे मला आजवर समजलेलं नाही.

बरोबर रिसाइझमुळेही एक चकवा बसतो. अदृश्य पिक्सेलचं वजन शून्य धरल्यामुळे त्यांच्या पोटातला रंग नव्या फाइलमध्ये उरत नाही, त्या जागी काळा येतो. पीएनजी म्हणून पाहताना फरक शून्य. पण तीच फाइल पुढे जेपीईजी केली, आणि टूलने अल्फा नुसता टाकून दिला, की खालचा रंग उघडा पडतो. काल मूळ फाइलची जेपीईजी पांढऱ्यावर आली होती, आज लहान केलेलीची काळ्यावर आली, आणि खापर फुटतं रिसाइझवर. जेपीईजीमध्ये पारदर्शकता ठेवताच येत नाही. तेव्हा कुठल्या रंगावर बसवायचं ते स्वतः सांगावं: इमेजमॅजिकमध्ये बॅकग्राउंडला पांढरा रंग देऊन अल्फा रिमूव्ह. याच्या उलट, पारदर्शक चित्राभोवती मोकळी जागा वाढवताना एक्स्टेंटच्या आधी बॅकग्राउंड नन लिहायला विसरलात, तर मूळचा ठरलेला पांढरा रंग भरला जातो.

निरोपात नसलेली पण सगळ्यांना छळणारी एक गोष्ट इथेच सांगतो. एकच लोगो, एक फाइल पारदर्शक, दुसरी पांढऱ्यावर. दोन्ही सारख्याच लहान केल्या, तरी पारदर्शक जरा मऊ दिसतो. भास नाही तो. फिल्टर सांगितला नसेल तर इमेजमॅजिक लहान करताना साध्या चित्राला लँक्झॉस हा धारदार फिल्टर लावतं, पण चित्रात अल्फा असेल किंवा ते पॅलेटवालं असेल तर मिचेल हा मऊ फिल्टर निवडतं. निवड शहाणपणाची आहे. लँक्झॉस कडेच्या दोन्ही बाजूंना बारीक लाटा उठवतो. त्या अल्फातही उठतात आणि अक्षरापासून थोड्या अंतरावर डोळ्याला न दिसणारे, जेमतेम अल्फा असलेले पिक्सेल सांडतात. मग ट्रिम केल्यावर (भोवतीची रिकामी जागा कापल्यावर) चौकट अपेक्षेपेक्षा मोठी का राहिली म्हणून आपण डोकं खाजवत बसतो. धारच हवी असेल तर लँक्झॉस स्वतः मागा, पण हे गृहीत धरून.

‘आकार निम्मा, फाइल पाव.’

फोटोच्या बाबतीत साधारण खरं. लोगोच्या बाबतीत अनेकदा उलटं. सोळा रंगांचा, पॅलेटवाला, १००० गुणिले १००० पिक्सेलचा लोगो घ्या. दर पिक्सेलला चार बिट, म्हणजे दाबण्याआधीची माहिती ५,००,००० बाइट. तो ५०० गुणिले ५०० केला की कडांवर शेकडो मधले रंग आणि मधले अल्फा जन्माला येतात. ते २५६ च्या पॅलेटमध्ये मावले नाहीत तर दर पिक्सेलला चार बाइट लागतात: १०,००,००० बाइट. लांबी-रुंदी निम्मी आणि कच्चा माल दुप्पट. शिवाय सपाट रंगाचे लांब पट्टे छान दाबले जातात, कडांचे चढउतार तितके नाहीत.

यावर पीएनजीएट (पॅलेटवाला पीएनजी) लिहा हा सल्ला हमखास येतो. इमेजमॅजिकच्या पीएनजीएटमध्ये पारदर्शकता फक्त आहे किंवा नाही एवढीच असते, त्यामुळे मऊ कडा कापल्या जातात. पीएनजीक्वांट हे वेगळं टूल अर्धपारदर्शक रंगही पॅलेटमध्ये बसवतं. लोगोसाठी तेच वापरा. तेही लॉसलेस नाही, हे मात्र पहिल्या विधानाच्या समर्थकांना हळूच सांगा.

इमेजमॅजिक लिहिताना फाइलचा प्रकारही स्वतःच्या अकलेने बदलतं. चित्रात नुसत्या करड्या छटा असतील तर ग्रेस्केल होतं, एकही पारदर्शक पिक्सेल उरला नसेल तर अल्फा गळतो. चित्र तेच दिसतं, पण पुढचा प्रोग्रॅम चारच चॅनल मागणारा असेल तर तो अडून बसतो. नावाआधी पीएनजी३२ आणि विसर्गचिन्हासारखा कोलन लावला की चार चॅनल पक्के.

‘स्ट्रिप लावा, तोटा नाही.’

स्ट्रिपने टिपणं जातात तसं रंगाचं प्रोफाइलही (आकडे कुठल्या रंगपद्धतीत वाचायचे ते सांगणारी नोंद) जातं आणि गॅमाची, म्हणजे उजळपणा कसा वाचायचा त्याची, नोंदही. चित्र एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत असेल तर बहुधा काही दिसणार नाही. डिस्प्ले पी३ किंवा अडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या पद्धतींत असेल तर तेच आकडे आता एसआरजीबी समजून वाचले जातात आणि भगवा फिका पडतो. आधी एसआरजीबीत बदला, मग स्ट्रिप करा.

‘मोग्रिफायने अख्खा फोल्डर.’

मोग्रिफाय मूळ फाइलवरच लिहितं. वेगळा फोल्डर द्यायचा पर्याय त्यात आहे, पाथ नावाचा, आणि तो न वापरण्याचं एकही कारण मला सुचत नाही. दुसरा खड्डा शेलचा, म्हणजे टाइप केलेली कमांड आधी वाचणाऱ्या प्रोग्रॅमचा, आहे. ‘मोठं असेल तरच लहान कर’ हे सांगायला मापानंतर ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह (>) लावतात. ते अवतरणात घातलं नाही तर शेल त्याचा अर्थ ‘पुढच्या नावाच्या फाइलमध्ये लिही’ असा घेते. साध्या मॅजिक कमांडमध्ये पुढे बाहेर काढायच्या फाइलचं नाव असतं, आणि हाती शून्य बाइटची फाइल येते. ते नाव मूळ फाइलचंच असेल, तर टूल चित्र वाचायला सुरुवात करण्याआधीच शेलने ती रिकामी केलेली असते.