माझ्या भाड्यातले १३,६००
वीस टक्के! भिवंडी ते चेन्नई, माझ्या ट्रकचं भाडं ठरलं ६८,०००. ५०,००० ॲडव्हान्स, १८,००० बाकी पोच दिल्यावर. पोच आणून दिली, सही-शिक्क्यासकट, एक पेटी ओली नाही की फुटलेली नाही. हातात पडले ४,४००. ट्रान्सपोर्ट ऑफिसचा मुनीम म्हणतो, "टीडीएस कापलाय." म्हणजे भाड्यातूनच आधी कापून घेतलेला इन्कम टॅक्स. किती? १३,६००. का? तर म्हणे तुमचा पॅन नाही.

पॅन नाही? अहो, एप्रिलमध्ये मी त्याच टेबलावर डिक्लरेशन सही करून दिलंय, पॅनची झेरॉक्स जोडून. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाने तेवढं दिलं की भाड्यातून एक रुपयाही कापायचा नसतो. माझी तर एकच गाडी, आणि चालवतोही मीच. फाइल काढायला लावली तेव्हा कागद निघाला, चहाच्या डागासकट. माझ्या पॅनचं शेवटचं अक्षर ओ. यांच्या पोराने कॉम्प्युटरवर शून्य मारलंय! पाच अक्षरं, चार आकडे आणि शेवटी पुन्हा अक्षर, कुठलाही पॅन घ्या, असाच असतो. दिवसभर मालाच्या बिल्ट्या फाडणाऱ्या ऑफिसात एकालाही हे माहीत नसावं?

आणि वर मलाच समजावतो, "एवढं काय काका, रिफंड मिळेल की." कुठून मिळेल? पैसे माझ्या पॅनवर दाखवलेच नाहीत तर माझ्या नावच्या टॅक्सच्या उताऱ्यात दिसणार कसे? यांनी आपलं टीडीएसचं रिटर्न दुरुस्त केलं तरच दिसतील. मग मी माझं रिटर्न भरायचं, सीएची फी द्यायची आणि महिनोन्‌महिने बँकेचे मेसेज बघत बसायचं. ज्याला वर्षाअखेर टॅक्सच बसत नाही, त्याचे पैसे अडकवता कशाला?

हो, बसत नाही. दहाचाकी गाडी, आरसीवर मालासकट वजन २८.५ टन. छोट्या गाडीमालकांसाठी कायद्याने ठरवलेल्या ठोक हिशेबाने टनामागे महिना १,००० धरले की वर्षाचं उत्पन्न ३,४२,०००. सूट धरून टॅक्स शून्य. पण ही मोजणीसुद्धा डोकं फिरवते. २०१८ च्या बजेटआधी गाडी लहान असो की मोठी, महिन्याला ७,५०० धरायचे. आता १२ टनांच्या वर गेलात की वजनावर. अरे, गाडी उभी राहिली तरी वजन तेवढंच राहतं! गेल्या पावसाळ्यात इंजिन उतरवलं, पाच आठवडे गाडी गॅरेजात. कायद्याच्या हिशेबात मी तेव्हाही कमावत होतो, कारण गाडी नावावर आहे. हप्त्यातलं व्याज? वजा होत नाही. इंजिनाचा खर्च? तोही नाही. कमी कमावलं म्हणायचं तर हिशेबाच्या वह्या ठेवा, ऑडिट करून घ्या. रात्रभर स्टिअरिंगवर बसणाऱ्याने वह्या कधी लिहायच्या? चेन्नईत माल उतरवायला तीन दिवस गोडाऊनच्या दारात उभं केलं, हाल्टिंगचा एक पैसा दिला नाही. ते नुकसान कोण धरतं?

मागच्या डाव्या जोडीतला आतला टायर पार गुळगुळीत झालाय. हात फिरवला की तारा लागतात. याच बाकीतून तो बदलायचा होता. आज संध्याकाळी बंगळूरचं लोडिंग आहे, रात्री तोच टायर घेऊन खंबाटकी चढायचाय. मुनीम म्हणतो, पोरगा सोमवारी आला की बघतो.