४१ हजारांपेक्षा माझी दुरेघी वही बरी

गेल्या पोळ्याच्या दोन दिवस आधी कपाशीच्या वावरातल्या कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढतो तो) सलग तिसऱ्या रात्री आठाच्या वर पतंग निघाले. गुलाबी बोंडअळीच्या फवारणीचा इशारा तोच, एका सापळ्यात रोज आठ पतंग, तीन रात्री लागोपाठ. धुऱ्यावर उभं राहून व्हिडिओ केला, डोमकळी, म्हणजे अळीनं मिटवून टाकलेलं फूल, बोटानं उकलून आतली अळी दाखवली आणि यूट्यूबवर टाकला. चॅनलला ४१ हजार सबस्क्रायबर. म्हटलं, आपलं काम झालं, आता बैलांच्या खांदशेकणीची तयारी करू.

पोळा झाला, तान्हा पोळाही झाला. पुढच्या बाजाराच्या दिवशी पानठेल्यावर एक काका भेटले. "भाऊ, तुया व्हिडिओ मले काल दिसला. आता पाहून काय करू? अर्ध्या फुलाच्या डोमकळ्या झाल्या ना बाप्पा!"

काकांनी घंटी दाबलेली होती. तरी नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत त्यांना कोणाकोणाचे नाच दिसले ते त्यांनाच माहीत.

त्या दिवसापासून मी सबस्क्रायबरचा आकडा बघणं सोडलं. तो आकडा आपला नसतोच. २९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ ॲपवर बंदी आली, तेव्हा आपल्याकडच्या किती पोरांचे फॉलोअर एका रात्रीत गेले! बंदी बरोबर की चूक, तो वाद वेगळा. पण त्या पोरांजवळ आपल्या माणसांचा एक फोन नंबरही नव्हता, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

मग मी व्हॉट्सॲपकडे वळलो, आणि पहिल्याच झटक्यात गाढवपणा केला. ओळखीच्या एका कृषी केंद्रातून उधारीच्या वहीतले तीनशे नंबर उतरवून आणले आणि सरळ ग्रुपमध्ये टाकले. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. दोन दिवसांत निम्मे बाहेर पडले, काहींनी तक्रार केली, आणि माझाच नंबर चार दिवस बंद. बायको म्हणे, "बरं झालं, जरा शांती आली घरात."

पण खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. बचत गटातल्या एका ताईंना त्यातल्याच कोण्या महाभागानं रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवणं सुरू केलं. त्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "दादा, माझा नंबर तुम्हाला दिला कोणी?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आता पद्धत बदलली. व्हिडिओच्या शेवटी सांगतो, ज्याला पाहिजे त्यानं स्वतः मला 'कापूस' किंवा 'तूर' एवढं लिहून पाठवावं, सोबत नाव आणि गाव. आलेला प्रत्येक 'हो' तारखेसकट दुरेघी वहीत उतरवतो. फोन हरवला तरी वही घरी आहे. पाठवतो ब्रॉडकास्ट लिस्टमधून, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ च जण बसतात, म्हणून माझ्या तीन आहेत. त्यात एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. शिवाय समोरच्यानं माझा नंबर सेव्ह केलेला नसेल तर संदेश जातच नाही. लोक याला कटकट म्हणतात, मला ती सोय वाटते. ज्याला नको, त्यानं नंबर काढून टाकला की विषय संपला. मला तोंडावर 'नाही' म्हणायची पाळी येत नाही. आपल्याकडे तोंडावर 'नाही' म्हणणं किती जड जाते, माहीत आहे ना.

ज्यांना नंबरच द्यायचा नाही, त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप चॅनल आहे. सप्टेंबर २०२३ पासून आपल्याकडे ते सुरू झालं. तिथं मला फॉलो करणाऱ्याचा नंबर इतर कोणत्याही फॉलोअरला दिसत नाही. त्या ताई आता तिथं आहेत. पण तिथं कोणी वाचलं, कोणी नाही, ते मला नावानिशी कळत नाही, म्हणून माझा जीव वहीतच अडकलेला.

परवा एक जण आला. म्हणे, सहाशे शेतकरी आहेत ना तुमच्याजवळ, आमच्या औषधाचा एक मेसेज टाका, पैसे देतो. पैसे कोणाला नको? सोयाबीनचे भाव पाहता मला तर पाहिजेच होते. पण लोकांनी आवतन दिलं ते कापसाच्या खबरीचं. एकट्याचं आवतन असताना अख्खं घरदार घेऊन पंगतीत बसलेला माणूस आपण पाहिलेला आहे, आणि मागून त्याला काय म्हणतात तेही ऐकलेलं आहे. नाही म्हटलं. तो चहा न पिताच गेला.

यंदा सापळ्यात पतंग वाढले की त्याच सकाळी चार ओळी आणि एक फोटो जाईल. आठवड्यात दोनच्या वर संदेश नाही, गुड मॉर्निंग तर नाहीच. पाहिजे असेल त्यानं इनबॉक्समध्ये पिकाचं नाव लिहा, नंबर तिथंच देतो. तेवढा सेव्ह मात्र करा बाप्पा. मागच्या वर्षी माझ्या सख्ख्या साळ्यालाच संदेश गेला नव्हता, आणि तो अजून घरी आला की तेच काढतो.