चारशे शोधनिबंध आहेत, म्हणून इंजेक्शन खरं?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ठरावीक साच्याचा संदेश फिरत असतो. सुरुवात अशी: 'पक्षाघातावर 400 हून अधिक शोधनिबंध लिहिणारे जागतिक कीर्तीचे डॉक्टर सांगतात...' पुढे 'सगळे आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये छापलेले', मग एच-इंडेक्सचा आकडा आणि शेवटी स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन किंवा 'मेंदूच्या नसांना ताकद देणाऱ्या' गोळ्या. खाली फोन नंबर. डॉक्टरांचं नाव बदलतं, आकडा बदलतो, युक्तिवाद तोच राहतो: एवढं लिहिलंय म्हणजे खोटं कसं असेल?

आधी त्या 400 कडे बघू. ते एकाच माणसाचे आहेत का? पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या मोफत ऑनलाइन सूचीत, आडनाव आणि एकच आद्याक्षर टाकलं, तर पाटील एस. किंवा जोशी ए. या नावाखाली मेंदूविकारतज्ज्ञ, दंतवैद्य आणि गुरांचे डॉक्टर सगळे एका रांगेत येतात. म्हणून दोन्ही आद्याक्षरं टाका, सोबत शहर किंवा संस्थेचं नाव जोडा. संशोधकाचा ऑर्किड क्रमांक, म्हणजे 16 अंकी ओळखक्रमांक, मिळाला तर उत्तम. एवढ्या चाळणीनेच 400 चे 150 झाले तरी नवल वाटू देऊ नका.

आता डावीकडच्या फिल्टरमध्ये 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' निवडा, म्हणजे रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटांत वाटणी करून उपचारांची तुलना करणाऱ्या चाचण्या. उरतील ते पेपर वाचायचे. बाकीच्यांत एकेका रुग्णाची हकिकत असते, संपादकाला लिहिलेली पत्रं असतात, आढावे असतात. हे निरुपयोगी नसतं, पण त्यातून कुठलाही उपचार सिद्ध होत नाही. एकाच रुग्णालयाच्या एकाच नोंदवहीतून दहा पेपर काढण्याची रीतही जुनीच आहे: एक मधुमेहींवर, एक बायकांवर, एक चाळिशीच्या आतल्या रुग्णांवर. पद्धतीच्या परिच्छेदात रुग्णालय, तारखा आणि रुग्णसंख्या तीच दिसली, की ओळखायचं. शिवाय नाव कुठे आहे तेही पाहा. वैद्यकातल्या पेपरात पहिलं नाव सहसा काम करणाऱ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं असतं. जागतिक रोगभाराच्या (कुठल्या आजाराने जगात किती नुकसान होतं, याच्या हिशोबाच्या) पेपरांना तर शेकडो लेखक असतात. त्यात 213 वं नाव असणं हा गुन्हा नाही, पण त्या जोरावर इंजेक्शन विकता येत नाही.

'सगळे आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये.' या शब्दाची किंमत पुण्याने तरी ओळखायला हवी, कारण तिचा हिशोब इथेच मांडला गेला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी इतरांसोबत यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली आणि मोठ्या सूचींमध्ये नसलेली 1009 जर्नल्स तपासली आणि 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे एक तृतीयांश जर्नल्सचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावं अशी मूलभूत माहितीच चुकीची होती किंवा नव्हतीच. निम्म्याहून अधिक जर्नल्सनी खोटा आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक), खोटा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा) असले दावे केले होते किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच संशयास्पद होती. एकूण 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी यूजीसीने यादीतून 4305 जर्नल्स काढली. तेव्हा 'सरकारमान्य जर्नल' या शब्दांनीही दिपून जायचं कारण नाही.

'एच-इंडेक्स मोठा आहे.' एच-इंडेक्स 40 म्हणजे किमान 40 पेपर असे, की ज्यांचा प्रत्येकी निदान 40 वेळा संदर्भ दिला गेला. संदर्भ देणारा मान्य करतोय की खोडून काढतोय, हे त्या आकड्यात कळत नाही. याचं जालीम उदाहरण पक्षाघाताच्या क्षेत्रातच आहे. जपानचे योशिहिरो सातो यांनी पक्षाघात झालेल्यांच्या हाडांवर चाचण्यांमागून चाचण्या प्रसिद्ध केल्या. 2005 मध्ये 'जामा'सारख्या अव्वल जर्नलमध्ये त्यांनी लिहिलं, की 628 पक्षाघातग्रस्तांना दोन वर्षं फोलेट आणि मेकोबालामिन (आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जाणारं बी-12) दिल्यावर खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण जवळपास चौथाईवर आलं. हा पेपर 2016 मध्ये मागे घेण्यात आला. बोलँड, अव्हेनेल, ग्रे वगैरे अभ्यासकांनी सातोंच्या 33 चाचण्या तपासल्या होत्या. मोजक्या माणसांनी कमी वेळात अशक्य वाटावेत एवढे रुग्ण गोळा केले होते. शिवाय, चाचणी सुरू होताना दोन्ही गटांचे आकडे योगायोगाने जुळतील त्याहून फार जास्त जुळत होते. आज सातोंचे शंभराहून अधिक पेपर मागे घेतलेले आहेत. मागे घेण्याआधी ती यादी कुणालाही भारदस्तच वाटली असती. पबमेडवर असा पेपर 'रिट्रॅक्टेड' या ठळक शेऱ्यासह दिसतो. तो शेरा शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

'इतक्या पेपरांत फायदा दिसला, म्हणजे औषध लागू पडतं.' सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. पक्षाघातात प्रयोगशाळेत आशा दाखवलेल्या आणि माणसात आपटलेल्या औषधांचा ढीग इतर कुठल्या आजारात क्वचितच सापडेल. 2006 च्या एका प्रसिद्ध मोजदादीत तीव्र पक्षाघातावर आजमावलेले 1026 उपचार निघाले. मेंदू वाचवणारं म्हणून त्यातलं जवळपास एकही औषध पुढे रुग्णाच्या खाटेपर्यंत टिकलं नाही. कारण प्रयोगाच्या रचनेतच आहे. तरण्याताठ्या, निरोगी उंदराच्या मेंदूची मुख्य धमनी नायलॉनच्या धाग्याने बंद करतात आणि औषध काही मिनिटांत, कधी तर आधीच देतात. आपला रुग्ण साठीपुढचा, साखर आणि बीपी दोन्ही असलेला. सकाळी तोंड वाकडं झालं, घरच्यांनी 'वात असेल' म्हणून तेल चोळलं आणि दुपारी रिक्षात घातलं.

माणसांवरच्या पहिल्या चाचणीवरही लगेच विसंबता येत नाही. एनएक्सवाय-059 या औषधाची 'सेंट-1' चाचणी 2006 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आली: 1722 रुग्ण, 90 दिवसांनी अपंगत्व थोडं कमी. पुढच्याच वर्षी 'सेंट-2' आली: 3306 रुग्ण, फायदा शून्य. औषध संपलं. आपल्याकडच्या प्रिस्क्रिप्शनवर हमखास दिसणाऱ्या सिटिकोलीनचीही गत अशीच. 2012 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'इक्टस' चाचणीत 2298 रुग्णांना दर 12 तासांनी 1000 मिलिग्रॅम, असं सहा आठवडे औषध किंवा दिखाऊ औषध दिलं. काहीच फरक दिसत नाही म्हणून चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. फॉरवर्डमधल्या 'नसांना ताकद देणाऱ्या' गोळ्यांत पुष्कळदा हेच असतं. गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा.

उलट बाजूही सांगायला हवी. रक्ताची गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेस जगाने स्वीकारलं ते मुख्यतः 1995 च्या, 624 रुग्णांच्या एका चाचणीवर. पहिल्या 3 तासांत औषध दिल्यावर 90 दिवसांनी जवळजवळ धडधाकट असणारे रुग्ण दर शंभरांमागे 11 ते 13 ने वाढले. 2008 मध्ये दुसऱ्या चाचणीने ही वेळ साडेचार तासांपर्यंत नेली. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, हेही त्याच पेपरांत लिहिलेलं आहे. असा एक पेपर कुठल्याही चारशेंच्या यादीला भारी पडतो.

राहता राहिलं स्टेम सेल. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देण्याची चाचणी भारतातच पाच केंद्रांवर, 120 रुग्णांवर झाली आणि 2014 मध्ये 'स्ट्रोक' या जर्नलमध्ये आली. इंजेक्शन सुरक्षित होतं, पण अपंगत्वात फरक पडला नाही. कुटुंबाकरवी घरी व्यायाम करून घेण्याची 'अटेंड' चाचणीही भारतातलीच: 1250 रुग्ण, 2017, नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या लेखी हे फसलेले पेपर. पण एखाद्या संशोधकाच्या यादीत अशी नकारार्थी, मोठी, प्रामाणिक चाचणी दिसली, तर त्याच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवावा. आपल्याला हवं ते उत्तर आलं नाही, तरी त्याने ते छापलं.

फॉरवर्डखालच्या नंबरावर फोन करणारच असाल, तर एवढं विचारा: या उपचाराचा सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) क्रमांक काय? 15 जून 2009 पासून भारतात औषधचाचणीची नोंद या सरकारी यादीत आधी करावी लागते आणि ती कुणालाही मोफत बघता येते. नोंद सापडली तर तीन ठिकाणी बोट ठेवा: किती रुग्ण, तुलनेला दुसरा गट आहे का, आणि निकाल कशावर मोजणार. '90 दिवसांनी रँकिन स्केल' (अपंगत्व मोजायची ठरलेली पट्टी) असं लिहिलेलं असेल तर बरं, 'रुग्णाला बरं वाटणं' असेल तर सोडून द्या. मग विचारा, पैसे किती? पक्षाघातासाठी स्टेम सेल हा आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांप्रमाणे अजून प्रयोगच आहे. तो चाचणीबाहेर देता येत नाही आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून त्याचं बिल घ्यायचं नसतं. पलीकडून लाखांचा आकडा आणि 'दहा टक्के डिस्काउंट' ऐकू आलं, तर फोन ठेवा.