मालकाचे उत्तर: चार स्टिक लावल्यावर रॅमचा स्पीड उतरणारच

नमस्कार सर,

तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. आमच्या दुकानात कॉम्प्युटरची रॅम वाढवून घेतल्यावर रिव्ह्यूत एक स्टार दिलात, तो तुमचा अधिकार. पण 'स्पीड कमी होईल हे सांगितलंच नाही, फसवलं' हे वाक्य जिव्हारी लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या मशीनमध्ये एएमडी कंपनीचा रायझन ७००० मालिकेचा प्रोसेसर आणि डीडीआर५ प्रकारच्या रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक (पट्ट्या) होत्या, ६००० च्या स्पीडवर चालणाऱ्या. तुम्हाला ६४ जीबी हवी होती. मी काउंटरवर आधी हेच सुचवलं की या काढा आणि ३२-३२ च्या दोन घ्या, म्हणजे स्पीडला फारसा धक्का लागणार नाही. किंमत ऐकून तुम्ही म्हणालात, 'मग जुन्यांचं काय लोणचं घालू?' म्हणून तशाच आणखी दोन लावल्या. चारही स्लॉट भरले की प्रोसेसरमधल्या, रॅम सांभाळणाऱ्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. एएमडीनेच या मालिकेला दोन स्टिकवर ५२०० आणि चार स्टिकवर ३६०० एवढाच स्पीड अधिकृतपणे दिला आहे. आधीचे ६००० सुद्धा एक्स्पो प्रोफाइल (अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त स्पीडची तयार सेटिंग) चालू केल्यामुळे मिळत होते. बिलाच्या तळाशी मी स्वतः पेनाने लिहिलं आहे, 'चार स्टिक, स्पीड उतरेल, ग्राहकास कल्पना दिली.' रिव्ह्यूला तुम्ही त्याच बिलाचा फोटो जोडलाय, नेमका तेवढा भाग कापून. असो.

नुकसान झालं म्हणता, पण तुम्ही आलात तेच मुळी ४के व्हिडिओ एडिट करताना रॅम भरून मशीन अडकतं म्हणून. रॅम भरली की विंडोज डेटा एसएसडीवर ढकलतं आणि एसएसडी ३६०० च्या रॅमपेक्षाही कितीतरी संथ असते. त्या कामाला ६४ जीबीच उपयोगी. गेममध्ये फ्रेम थोड्या घटतील, हे मान्य. पण गेमचा विषय तुम्ही काढलाच नव्हता.

राहिली तुमची काळ्या स्क्रीनची तक्रार. नवीन स्टिक लावल्यावर पहिल्यांदा चालू करताना मदरबोर्ड मेमरी तपासून जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं जातात. आमचा मुलगा 'बटण दाबू नका' म्हणत होता. तुमची गाडी सम तारखेला विषम बाजूला लावलेली, सगळं लक्ष टोइंगवाल्यांकडे. तुम्ही दोनदा बटण दाबलंत. घरी जाऊन पुन्हा ६००० चं प्रोफाइल लावलंत आणि डिस्प्ले गेला, तेव्हा बायोस (मदरबोर्डची मूळ सेटिंग) रिसेट कसं करायचं हे फोनवर त्यानेच सांगितलं, एक रुपया न घेता. 'पोराला काही येत नाही' असं त्याच्याबद्दल लिहायला नको होतं.

यापुढे ग्राहकांना आणखी नीट समजावून सांगण्याचा प्रयत्न करू. अजूनही ३२-३२ चा सेट हवा असेल तर चारही स्टिक घेऊन या, योग्य भावाने परत घेऊ, फरकाची रक्कम तेवढी द्यावी लागेल. लेबर लावणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं, तेवढं बघून या.