पाच मिनिटांत वाचलेला जबाब

गेल्या वर्षी एका खटल्यात साक्षीदार म्हणून सत्र न्यायालयात गेले होते. घटना सहा वर्षांपूर्वीची. शेजारच्या काकांवर कोयत्याने हल्ला झाला आणि मारणारा पळाला तो माझ्यासमोरून, आमच्याच जिन्याने. समन्स हातात धरून मी साडेदहापासून बाकावर बसले. सव्वाअकराला सरकारी वकील आले, काखेत सात-आठ केसचे कागद. "तुम्ही कुठल्या केसमधल्या?" मी सांगितलं. त्यांनी माझा पोलिसांपुढचा जबाब काढून दिला. "वाचून घ्या, आता पुकारा होईल."

त्या दीड पानात मी चेहरा पाहिल्याचं कुठेच नव्हतं. मी तेव्हा सांगितलं होतं, पक्कं आठवतंय. लिहिणाऱ्याने "एक इसम पळून जाताना दिसला" एवढ्यावर भागवलं होतं. या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, त्यामुळे तो मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होते. आणि सरकारी वकिलांनाही ही गफलत माझ्याबरोबरच, त्या व्हरांड्यात कळली.

उलटतपासात व्हायचं तेच झालं. आरोपीचे वकील म्हणाले, चेहरा पाहिल्याचं तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदाच सांगताय. मी म्हटलं, सांगितलं होतं. मग जबाबात का नाही? "त्याचं कारण सांगता येणार नाही." कोर्टात ज्यांनी साक्ष दिली आहे त्यांना हे वाक्य ओळखीचं असेल. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला.

घरी सगळे सरकारी वकिलावर तुटून पडले. पैसे खाल्ले असणार, दुसरं काय! मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. त्या माणसाने समोर आलेल्या कागदावर जेवढं करता येईल तेवढं केलं. माझा राग आहे तो कागद त्यांच्यापुढे इतक्या उशिरा आला, याचा.

एके काळी मॅजिस्ट्रेट कोर्टात पोलीस अधिकारीच खटला चालवायचे. ज्याने तपास केला त्याच्याच खात्याने तो बरोबर होता म्हणून उभं राहायचं, हे चूक होतं. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते काम सहायक सरकारी अभियोक्त्यांकडे, म्हणजे सरकारी वकिलांकडे, दिलं. तरी महाराष्ट्रात त्यांना पोलीस खात्याच्या ताब्यातून मोकळं करा, वेगळा विभाग करा, हे सर्वोच्च न्यायालयाला 1995 मध्ये सांगावं लागलं. त्याच्या आदल्याच वर्षी, हितेंद्र ठाकूर खटल्यात, न्यायालयाने बजावलं होतं की सरकारी वकील तपास यंत्रणेचा भाग नाही, पोलिसांचा कागद पुढे ढकलणारं पोस्ट ऑफिस नाही. त्याने स्वतःचं डोकं लावायचं असतं.

पण डोकं लावायला कागद वेळेत हातात पडावा लागतो ना? वेगळं करता करता आपण त्यांना इतकं लांब नेऊन बसवलं की तपास संपला, दोषारोपपत्र गेलं, आरोप निश्चित झाले, वर्षं उलटली, आणि मग फाईल खऱ्या अर्थाने उघडते ती साक्षीच्या सकाळी. दोषारोपपत्र दाखल करायचं की नाही हे पोलिसांनीच ठरवावं, कायदाही तेच म्हणतो. मात्र ते कोर्टात जाण्याआधी कुणा अभियोक्त्याने एकदा नीट वाचून विचारलं असतं, "जिन्यावर उभ्या असलेल्या बाईंनी चेहरा पाहिला की नाही?" तर एका पुरवणी जबाबाचं काम होतं. अर्ध्या तासाचं.

त्या जुन्या संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अभियोग संचालनालयाची, म्हणजे सरकारी वकिलांवर देखरेख करणाऱ्या विभागाची, कामं आता स्पष्ट लिहिली आहेत. शिक्षा किती त्यानुसार खटल्यावर कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने लक्ष ठेवायचं, पोलीस अहवालाची, म्हणजे दोषारोपपत्राची, छाननी कुणी करायची, अपिलाबाबत मत कुणी द्यायचं, हे आलंय. मला त्याचं मनापासून बरं वाटलं. माझं म्हणणं एवढंच की ही छाननी शिक्का मारण्यापुरती उरू नये. त्यासाठी माणसं हवीत, आणि एकेका माणसाकडे वाचून होतील इतक्याच फाईली हव्यात.

गाजलेल्या खटल्यात लगेच विशेष सरकारी वकील नेमा म्हणून मोर्चे निघतात. त्या घरच्यांचं दुःख मी समजू शकते. पण ज्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही त्यांच्या वाट्याला तोच नेहमीचा सरकारी वकील येणार, तोच सात-आठ फाईलींचा गठ्ठा घेऊन. आपण मागायचं ते त्याच्यासाठी मागायला हवं.

आणि तो "आपला" वकील असतो हाही गैरसमज. काकांच्या मुलाने खासगी वकील लावला होता. कायद्याने त्याला फक्त मदत करता येते, साक्षीदाराला प्रश्न विचारायचे ते सरकारी वकिलांनीच. मुलगा चिडायचा. मला मात्र यामागचं कारण पटतं. सरकारी वकिलाने वाट्टेल ते करून शिक्षा मिळवायची नसते, खरं काय ते कोर्टापुढे ठेवायचं असतं, आरोपीच्या बाजूचं असेल तरीही. व्हरांड्यात मी घाबरून विचारलं होतं, "मग आता काय सांगू?" ते म्हणाले, "पाहिलं तेच सांगा. आठवत नसेल तिथे आठवत नाही म्हणा." त्या एका वाक्यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

2014 मध्ये किशनभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की प्रत्येक निर्दोष सुटकेचा निकाल पोलीस आणि अभियोग विभागाच्या वरिष्ठांच्या समितीने तपासावा, तपासात चुकलं की खटला चालवताना, ते नोंदवावं, आणि त्यातून पुढच्यांना शिकवावं. आमच्या केसचा निकाल कुणी असा वाचला का? मला कुणी विचारलं नाही. काकांनाही नाही.

काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तेव्हाच जबाब वाचून दाखवा म्हणायचं ना गं पोलिसांना." असं म्हणता येतं, हेच मला तेव्हा माहीत नव्हतं.