फक्त डावीकडे वळायचं, त्यात काय मोठंसं?

काका,

अमेरिकेतला मातीच्या ट्रॅकवरचा कार रेसर स्कॉट ब्लूमक्विस्ट याच्यावरचा माझा लेख तुम्हाला ‘एका मग्रूर माणसाची आरती’ वाटला. वर ‘चिखलात गोल गोल फिरायचं, तेही फक्त डावीकडे, यात कसलं कौशल्य? मेल्यावर सगळेच थोर होतात,’ असंही लिहिलंत.

मग्रूर होता, मान्य. गाडीचा नंबर शून्य, वर कवटीचं चित्र. निम्मं पब्लिक त्याची हुर्यो उडवायलाच तिकीट काढायचं.

पण चिखल? नाही हो. मी डेटनला नोकरीला असताना ओहायोतल्याच एल्डोराच्या मातीच्या ट्रॅकवर शर्यत बघायला पहिल्यांदा गेलो, तेही पांढरा शर्ट घालून (हसू नका). दुसऱ्या फेरीलाच ओल्या चिकणमातीचं ढेकूळ येऊन नाचोंच्या डब्यात पडलं. शेजारचे आजोबा गॉगल लावून बसले होते, त्यांना ठाऊक होतं. सुरुवातीला ती माती काळपट, चिकट असते. गाड्या फिरून फिरून ती वाळते आणि सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत होते. मग गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते आणि डावीकडे वळायला स्टिअरिंग उजवीकडे धरावं लागतं. मऊ टायर घातला तर सुरुवातीला गाडी पळते, पण शंभर फेऱ्या तो पुरत नाही. कडक घातला तर आधी मागे पडायची तयारी हवी. रात्री अकराला ही माती कशी असेल, हे संध्याकाळीच ओळखायचं. ब्लूमक्विस्टची टायरची निवड ही इतरांची डोकेदुखी होती ती यामुळेच. तुमच्या फॉर्म्युला वनचा डांबरी ट्रॅक एका रात्रीत इतके रंग बदलत नाही, पाऊस आला तर गोष्ट वेगळी.

आणि मेल्यावरचं थोरपण म्हणाल, तर 16 ऑगस्ट 2024 ला टेनेसीत विमान अपघातात तो गेला, वयाच्या साठाव्या वर्षी. डर्ट लेट मॉडेलच्या (मातीवर धावणाऱ्या या रेसिंग गाड्यांच्या) हॉल ऑफ फेममध्ये त्याला 2002 मध्येच घेतलं होतं. तेव्हा तर त्याची हुर्यो जोरात चालू होती!

एक चूक मात्र तुम्ही अचूक पकडलीत. लेखात मी लिहिलेले त्याचे आठ विजय एल्डोराच्या ‘वर्ल्ड 100’ या शर्यतीतले नव्हेत, तिथल्याच ‘ड्रीम’ या दुसऱ्या शर्यतीतले. त्यातला शेवटचा 2018 चा, तेव्हा तो 54 वर्षांचा होता. ‘वर्ल्ड 100’ त्यानं चारदा जिंकली: पहिली 1988 मध्ये, शेवटची 2014 मध्ये. लेखात दुरुस्ती केली आहे.