कसोटीचा हक्क सदस्यत्वाच्या दावणीला कशाला?

नेरुळला आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला असणारे काका मूळचे नेपाळचे. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळने शारजात वेस्ट इंडीजविरुद्धची टी-ट्वेंटी मालिका जिंकली, तेव्हा ते गाड्यांच्या नोंदवहीला मोबाईल टेकवून बसले होते आणि एका गाडीला फाटक उघडायचे राहून गेले. नंतर त्यांनी मला विचारले, "साहेब, आम्हाला कसोटी कधी मिळणार?" उभ्या उभ्या देता येईल असे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून हे लिहितो आहे.

पुरुषांच्या क्रिकेटमध्ये कसोटीचा दर्जा आयसीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, पूर्ण सदस्यत्वाबरोबर येतो. संघाची कामगिरी, देशांतर्गत क्रिकेटची घडी, मंडळाचा कारभार हे सारे तपासले जाते, पण शेवटी निर्णय होतो तो बैठकीत, मतदानाने. आयर्लंड आणि अफगाणिस्तान २२ जून २०१७ रोजी असेच आत आले आणि पूर्ण सदस्य बारा झाले. केनिया मात्र २००३ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठूनही बाहेरच राहिला. (न्यूझीलंडने नैरोबीला जाण्याचे नाकारल्यामुळे केनियाला एका सामन्याचे गुण आयते मिळाले हे खरे, पण श्रीलंकेला त्यांनी खेळूनच हरवले होते.) पुढे तिथले क्रिकेट इतके खालावले की २०१४ साली एकदिवसीय दर्जाही गेला.

"आधी पात्र व्हा, मग या" हे ऐकायला रास्त वाटते, पण आपला स्वतःचा इतिहास काय सांगतो? आपले नियामक मंडळ १९२८ सालचे, पहिली कसोटी १९३२ ची, आणि रणजी स्पर्धा सुरू झाली १९३४ साली. मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन संघांचे चौरंगी सामने रंगत होते हे मान्य, तरी आज ज्या देशव्यापी घडीची अपेक्षा इतरांकडून केली जाते ती आपल्याकडे कसोटीनंतर आली. पहिला विजय मिळायला १९५२ साल आणि पंचविसावी कसोटी उजाडली. न्यूझीलंडला तर सव्वीस वर्षे लागली.

म्हणून माझे मत असे आहे की आयसीसीतला मतदानाचा अधिकार, तिच्या पैशातला वाटा आणि कसोटी खेळण्याची मुभा या पूर्ण सदस्यत्वात एकत्र बांधलेल्या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवाव्यात. महिला क्रिकेटमध्ये असे होऊन गेले आहे. आयर्लंडच्या महिलांनी २००० साली डब्लिनला पाकिस्तानविरुद्ध कसोटी खेळून जिंकली, तेव्हा त्यांच्या पुरुष संघाला हा दर्जा मिळायला सतरा वर्षे बाकी होती. नेदरलँड्सच्या महिलाही २००७ साली दक्षिण आफ्रिकेशी कसोटी खेळल्या, आणि त्यामुळे कसोटीचे काही बिघडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

अर्थात नुसता दर्जा पुरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिलांनी इंग्लंडला ३४७ धावांनी हरवले. पहिल्या डावात दीप्ती शर्माने अवघ्या सात धावांत पाच बळी घेतले. दर्जा होता, खेळाडू होत्या, तरी मायदेशातली ती त्यांची २०१४ नंतरची पहिलीच कसोटी होती! पुरुषांच्या कसोटी अजिंक्यपद स्पर्धेतही बारापैकी नऊच संघ आहेत. झिंबाब्वे, आयर्लंड आणि अफगाणिस्तान यांना ज्याला सवड असेल त्याच्याशी खेळावे लागते.

तेव्हा सुरुवात या तिघांपासूनच करावी. त्यांना सामने हवे आहेत आणि नेपाळला संधी. आयर्लंडने नेपाळमध्ये कीर्तिपूरच्या मैदानावर येऊन एक चार दिवसांची कसोटी खेळावी. चार दिवसांची कसोटी आयर्लंड २०१९ साली लॉर्ड्सवर इंग्लंडशी खेळलेलेच आहे. नेपाळ हरले तर हरले. काकांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की चार दिवस सलग रजा मिळेल का.